कस्टम आरएनए ऑलिगो सर्व्हिस: माल ठीक, ऑर्डर फॉर्मने घात केला (३/५ स्टार)

पीएचडीचं चौथं वर्ष चालूये, काम हेलिकेजवर, म्हणजे आरएनएचे दोन पदर एकमेकांपासून सोडवणारी एन्झाइम्स. माझं त्यातलं यीस्टचं डेड१, डेड-बॉक्स घराण्यातलं. (नावात मरणबिरण काही नाही, चार अमिनो आम्लांची अक्षरं आहेत, डी-ई-ए-डी.) ही मंडळी बऱ्याच डीएनए हेलिकेजसारखी धाग्यावरून सरकत जात नाहीत, जिथे बसतात तिथलाच पीळ मोकळा करतात, त्यामुळे टेस्टला डुप्लेक्स (दोन पदर जुळलेली जोडी) आखूडच लागतं. माझं १३ बेसपेअरचं, एका बाजूला २५ न्यूक्लिओटाइडची मोकळी शेपटी. दोन्ही स्ट्रँड (पदर; असे ऑर्डरप्रमाणे बनवलेले आखूड तुकडे म्हणजे ऑलिगो) एका कंपनीकडून बनवून घेतले, १३ बेसच्या आखूड स्ट्रँडवर चमकणारा डाय लावून, नाव घेत नाही.

डिलिव्हरी तीन आठवडे. ड्राय आइस नाही बघून मी घाबरले होते पण सुकी पावडर असते, ती तेवढी टिकते, त्यात त्यांची चूक नाही. पॅकिंग छान, ट्यूबवर लेबल नीट, मास स्पेकचा (रेणूचं वजन तपासणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट सोबत, मेन पीक अगदी बरोबर.

मग पहिला जेल, ज्यात सुटा स्ट्रँड आणि डुप्लेक्स वेगवेगळे दिसतात. एटीपी (एन्झाइमचं इंधन) घातलेल्या लेनमध्ये सुटा स्ट्रँड मस्त दिसला, मी खूश, गाईडना फोटो पाठवायच्या बेतात, आणि मग शेजारची लेन बघितली. एटीपी नाही तरी सुटलेला. त्याच्या शेजारी एन्झाइमच नाही, तरी सुटलेला! साहजिकच संशय आरनेजवर (आरएनए तोडणारी एन्झाइम्स) गेला, कारण आरनेज ए ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही आणि आपल्या हातांवरच आरनेज असतात. ग्लोव्हज बदला, टिप्स नव्या, पाणी डीईपीसीचं (हे आरनेज निकामी करणारं रसायन; ट्रिस बफरमध्ये टाकायचं नसतं, हेही तेव्हाच एका सीनियरने ओरडून सांगितलं), बेंच पुसून पुसून गुळगुळीत केला. दीड महिना गेला. फरक शून्य.

शेवटी नुसता डायवाला स्ट्रँड पावडरमधून ताजा विरघळवून युरिया जेलवर (यात स्ट्रँड सुटे राहून लांबीप्रमाणे वेगळे होतात) चालवला, तर मेन बँडखाली शिडीसारखे बारीक बँड. म्हणजे आरनेज नाही, माल आला तेव्हापासूनच आखूड तुकडे होते. आरएनए मशीनवर ३' टोकाकडून ५' कडे (स्ट्रँडच्या दोन टोकांची नावं) एकेक बेस जोडत बनतो, आणि प्रत्येक जोडणी ९८ टक्के यशस्वी धरली तरी १३ बेसला १२ जोडण्या, शेवटी पूर्ण लांबीचे जेमतेम ७८ टक्के उरतात. ३८ बेसच्या लांब स्ट्रँडचं तर निम्म्याहून कमी. आणि मी डाय मागवला होता ३' टोकाला! अर्धवट राहिलेल्या तुकड्यांचं ३' टोक शाबूत, म्हणजे ते सगळे तुकडे चमकणार, आणि आखूड असल्यामुळे एन्झाइमशिवाय ३० डिग्रीला आपोआप गळून पडणार. वर मी ट्रॅप स्ट्रँड (सुटलेल्याला परत जुळू न देणारा जादा स्ट्रँड) घातलेला, त्यामुळे परत जुळायची सोय नाही. डाय ५' ला असता तर तो सगळ्यात शेवटी लागतो, अर्धवट तुकडे निदान दिसले तरी नसते.

आता यात चूक माझी पण आहे, मान्य. पण फॉर्मवर प्युरिफिकेशनच्या रकान्यात आपोआप साधं डीसॉल्टिंग टिक झालेलं असतं, त्याने मीठ आणि बारीकसारीक कचरा जातो, आखूड स्ट्रँड जात नाहीत. ३' डाय आणि डीसॉल्टिंग एकत्र निवडलं तर एक ओळीची वॉर्निंग द्यायला काय जातं? सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं की डीसॉल्टिंग पीसीआर प्रायमरला पुरतं. अहो पण मी पीसीआर करतेय असं म्हटलं कोणी! तिसऱ्या मेलला मात्र केमिस्ट्री समजणाऱ्या एका बाईंनी फोन केला, वीस मिनिटं नीट बोलल्या, डाय ५' ला आणि एचपीएलसी (आखूड तुकडे वेगळे काढणारं प्युरिफिकेशन) घ्या म्हणाल्या. एक स्टार फक्त त्यांचा.

दुसरी ऑर्डर तशी केली, पैसे पुन्हा गेले (परचेसवाल्यांना समजावणं हा वेगळा थीसिस आहे), पण माल एकदम स्वच्छ. युरिया जेलवर एकच बँड, आणि हेलिकेजच्या जेलवर एटीपीशिवाय डुप्लेक्स जागचं हललं नाही.

आरएनएवर काम असेल तर घ्या यांच्याकडून, फक्त तो टिक आधी काढा. पहिल्या ऑर्डरची उरलेली ट्यूब मायनस ८० मध्ये पडून आहे, ज्युनियरना जेल लोड करायला शिकवताना वापरते.