४३, ५५ की ६५? टीव्हीच्या आकारावरून नवरा-बायकोचं एकमत होत नसेल तर

आमच्या घरात हा विषय दोन महिने चालला. ह्यांना ६५ इंची टीव्ही हवा होता, मला ४३ पुरेसा वाटत होता. मोठं भांडण झालं असं नाही, पण जेवताना विषय निघाला की एकजण ताटावरून लवकर उठायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांतून तीन रविवार फिरलो, घरी टेप लावून मापं घेतली, आणि मग कुठे नीट बोलणं सुरू झालं. ज्यांच्या घरी सध्या हेच चाललंय त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं मांडते.

आधी घर सांगते, कारण सगळा हिशोब त्यावर आहे. साने गुरुजी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉल १० बाय १४. आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सासूबाई. आत्ताचा टीव्ही ३२ इंची.

ह्यांचं म्हणणं असं: "घ्यायचा तर एकदाच दणक्यात घेऊया. पुढची दहा वर्षं बघायचाय नव्हं?" हे शिवाजी पेठेत वाढले. गल्लीत एका घरी टीव्ही होता आणि मॅच असली की ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसं बसायची. ह्यांना तसं घर हवंय, दीर-जावा, पोरं सगळी एकत्र बसलेली. त्यात ११ जून २०२६ पासून फुटबॉलचा विश्वचषक. कोल्हापुरात विश्वचषक म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. इथे तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि तालमी-तालमींवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. माझं म्हणणं वेगळं होतं. पुढच्या वर्षी पोरीची दहावी, हॉल एकच, तिचं टेबल हॉलच्या कोपऱ्यात. एवढा मोठा टीव्ही लागला की घर त्याच्याच तोंडाकडे बघत बसणार, ही माझी धास्ती होती. पैशाचं मी नंतर बोलत होते, पण खरं कारण हे होतं.

दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होती. आम्ही आकड्यावर बोलत होतो, आणि आकडा म्हणजे पडद्याचा कर्ण. ६५ म्हणजे भिंतीवर किती, हे दोघांनाही डोळ्यांसमोर येत नव्हतं. ती मापं अशी: ४३ इंची पडदा सव्वातीन फुटांना थोडा कमी रुंद आणि पावणेदोन फूट उंच. ५५ इंची चार फूट रुंद, सव्वादोन फूट उंच. ६५ इंची पावणेपाच फूट रुंद, दोन फूट आठ इंच उंच. आकडा ४३ वरून ६५ झाला तरी पडद्याचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. दुकानात हे कळत नाही. तिथे छत उंच, शेजारी ७५ आणि ८५ लावलेले, त्यांच्यापुढे ५५ सुद्धा बिचारा वाटतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी हे एक कराच. रद्दीतले पेपर चिकटपट्टीने जोडून टीव्हीच्या मापाचा कागद करा आणि जागेवर लावून दोन दिवस ठेवा. आम्ही आधी ६५ चा लावला. हे स्टुलावर चढले, मी खालून धरलं, आणि कागदाची वरची कड मामंजींच्या फोटोच्या चौकटीला जाऊन लागली. तो फोटो मुद्दाम खाली लावलाय, रोज फूल वाहताना सासूबाईंचा हात पोचावा म्हणून. हे स्टुलावर तसेच थांबले. सासूबाई म्हणाल्या, "लावा की वर, मी काय, खालनं नमस्कार करतो." (आमच्याकडच्या बायका 'करते' न म्हणता 'करतो' असंच बोलतात.) ह्यांनी काही न बोलता कागद सोडवला. पुढे ५५ चा लावला तेव्हा फोटोखाली चार बोटं जागा राहिली. दोन महिने बोलून जे झालं नव्हतं ते त्या दहा मिनिटांत झालं.

किती लांबून बघणार

आकार ठरवायचा तो बसण्याच्या अंतरावरून. "आमचा हॉल दहा फुटी आहे" असं हे प्रत्येक दुकानात सांगत होते आणि विक्रेता लगेच ६५ दाखवत होता. पण दहा फूट हे भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप. आपण भिंतीला डोळे लावून बसत नाही. सोफ्याची पाठ आणि बसलेला माणूस मिळून दोन फूट जातात, टीव्ही ब्रॅकेटवर तीन-चार इंच पुढे येतो. डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप धरला तर आमच्याकडे साडेसात फूट भरले.

सोपा हिशोब असा की पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.६ पट अंतरावर बसलं की पडदा नजरेत नीट मावतो. ४३ ला हे अंतर पावणेसहा फूट येतं, ५५ ला सव्वासातच्या थोडं वर, ६५ ला आठ फूट आठ इंच. फूटभर इकडेतिकडे चालतं. ज्यांना सिनेमा थिएटरसारखा अंगावर आलेला आवडतो ते जवळ बसतात, बातम्या आणि मालिका बघणाऱ्यांना थोडं लांबून बरं वाटतं.

इथे मला माझी बाजू सोडावी लागली, तेही सांगते. साडेसात फुटांवरून ४३ लहानच पडतो. दुकानात तेवढं अंतर मोजून आम्ही सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. खालची अक्षरं ४३ वर त्यांना वाचता आली नाहीत, ५५ वर आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मोठा पडदा चैनीसाठी लागत नाही, हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं.

तुम्ही काय बघता, तेही धरा

याबद्दल दुकानात कुणी आपणहून बोलत नाही. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. साध्या, एचडी नसलेल्या केबल चॅनेलचं चित्र फार तर ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास. ते चित्र ताणूनच ८३ लाखांत भरावं लागतं. ३२ वर जे ठीक दिसतं ते ६५ वर पुसट आणि फाटल्यासारखं दिसतं. घरात दिवसभर साधं केबल आणि लोकल चॅनेल चालत असेल तर ६५ वर पैसे घालून चित्र उलट वाईट दिसेल. आधी सेट-टॉप बॉक्स एचडी करा, मग आकाराचं बघा. उलट बहुतेक बघणं ओटीटीवर असेल आणि घरचं वायफाय २५ एमबीपीएसच्या वर टिकत असेल तर मोठ्या पडद्याचं चीज होतं. तालमींच्या मॅच मोबाईलवरून यूट्यूबवर दाखवलेल्या बघणार असाल तर त्याला कुठलाच मोठा टीव्ही काही करू शकत नाही.

विश्वचषकाचंही तसंच. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहेत, त्यामुळे आपल्याकडे बरेचसे मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे येणार. ह्यांच्या डोळ्यांसमोर भरलेला हॉल होता. पहाटे साडेतीनला तो किती भरेल, हे मी विचारलं तेव्हा ह्यांनाही पटलं. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या पाच आठवड्यांवर दहा वर्षांची वस्तू ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडद्याच्या प्रकाराबद्दल, थोडक्यात. ओएलईडीचा काळा रंग सुंदर दिसतो, पण ज्या घरात एकच बातम्यांचं चॅनेल तासन् तास लागतं तिथे मी तो घेणार नाही. एकाच जागी असलेल्या पट्टीची किंवा लोगोची खूण कालांतराने पडद्यावर राहू शकते. बाकी एलईडी, क्यूएलईडीमध्ये नावापेक्षा बाजूने कसं दिसतं ते बघा. आमची पोरगी कोपऱ्यातल्या टेबलावरून तिरकं बघते, म्हणून आम्ही प्रत्येक टीव्हीच्या कडेला जाऊन उभे राहिलो. काहींचे रंग तिथून धुतल्यासारखे होत होते. आणि खिडकी समोर असेल तर पडदा जेवढा मोठा, तेवढा आरसा मोठा.

पैसा

आम्ही फिरलो त्या दुकानांत चांगल्या कंपनीचा ४३ तीस हजारांच्या आसपास, ५५ पन्नासच्या पुढेमागे, आणि ६५ सत्तरपासून लाखाच्या वर जात होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचे भाव कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या. ६५ चा खर्च तिथे थांबत नाही. पातळ टीव्हीचा आवाज मोठ्या चित्राला पुरत नाही, मग साउंडबार येतो. खालचं जुनं युनिट रुंदीला पुरत नाही, मग सुताराला बोलवा.

विजेची भीती मी घातली होती ती फारशी खरी नव्हती. रोज पाच तास धरले तर ४३ ला महिन्याला दहा-बारा युनिट, ६५ ला पंचवीसच्या आसपास. फरक आहे, पण त्यावरून निर्णय फिरावा एवढा नाही. स्टार लेबलवर वर्षाची युनिट लिहिलेली असतात, तीच बघा. हप्त्यांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. बिनव्याजी म्हणून सांगतात त्यातही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी लागते आणि क्रेडिट कार्डावरचे हप्ते असतील तर व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो. जो आकार रोखीने घेता येतो तो आपला आकार. यावर हे आणि मी पहिल्यांदाच एका सुरात बोललो.

भिंत आणि पाणी

पेठेतल्या जुन्या घरांत दगड-मातीच्या भिंती आहेत. वीस-बावीस किलोचा ६५ तिथे ब्रॅकेटवर टांगायचा विचार करू नका, स्टँडवरच ठेवा. त्याचं खोकं उभंच न्यावं लागतं, आडवं केलं की पॅनेलला धोका, म्हणून अरुंद जिन्याचं वळण आधी मोजा. दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्ली या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर त्यांनी बघितलेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे सरकायला लागलं की सामान वर न्यायची घाई होते, आणि त्या घाईत ४३ चा टीव्ही एक माणूस काढून नेतो. ६५ ला दोन माणसं, पाना आणि वेळ लागतो. अशा घरात मी डोळे झाकून लहान घेईन. वळवाचा पाऊस कडाडायला लागला की पिन काढाच, पण डिशची किंवा केबलची वायरही काढा. वीज तिच्यातूनही येते.

राहिला जुना टीव्ही, आणि आमच्याकडे खरी गाठ तिथेच होती. ३२ चा टीव्ही सासूबाईंच्या खोलीत लावू, म्हणजे त्यांना त्यांची मालिका निवांत बघता येईल आणि हॉल शांत राहील, ही सूचना माझीच. मला ती फार समजूतदार वाटत होती. सासूबाई म्हणाल्या, "मी एकटा बसून काय बघू?" मालिका चालू असताना पोरीशी बोलणं, मध्येच भाजी निवडणं, ह्यांनी चॅनेल बदलला की ओरडणं, हे सगळं मिळून त्यांचं बघणं आहे. तेव्हा मला ह्यांच्या ६५ मागचं म्हणणं कळलं. माणसं एका खोलीत राहावीत असंच ह्यांना वाटत होतं. आणि मग ह्यांनीच म्हटलं, की संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद, पोरीचा अभ्यास होईपर्यंत. रात्रीची मॅच कानाला हेडफोन लावून. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये द्यायचा, पैसे थोडेच आले तरी चालतील.

तर कुणी काय घ्यावं? डोळ्यापासून पडदा सहा-साडेसहा फुटांच्या आत असेल, बेडरूम असेल, किंवा बहुतेक साधं केबल लागत असेल तर ४३. सात ते साडेआठ फूट असेल तर ५५. नऊ फुटांच्या पुढे, एचडी किंवा ओटीटी, भिंत पक्की आणि पैसे हातात असतील तर ६५ खुशाल घ्या, आणि तिथे बायकोने किंवा नवऱ्याने "कशाला एवढा" म्हणून अडवू नये. फक्त एक करू नका: त्याचं ६५, हिचं ४३, म्हणून मधला ५५, असं तडजोडीने ठरवू नका. तसा घेतलेला दोघांनाही खटकत राहतो. आम्ही ५५ ठरवला तो टेपने साडेसात फूट दाखवले म्हणून. हॉल लांबीच्या बाजूने वापरता आला असता, चौदा फुटांच्या टोकाला बसता आलं असतं, तर मीच ६५ ला हो म्हटलं असतं. पण तिथून स्वयंपाकघराची वाट जाते, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी पडद्यासमोरून गेलं असतं.

पैसे भरलेत, टीव्ही गुरुवारी येतोय. खोकं उघडताना व्हिडिओ काढायचा, आणि पूर्ण पांढरा, पूर्ण काळा पडदा लावून बघितल्याशिवाय आणणाऱ्याला सही द्यायची नाही, एवढं पोरीला सांगून ठेवलंय, कारण दुपारी घरी तीच असते. ५५ चा कागद अजून भिंतीवर आहे. आज सकाळी फूल वाहताना सासूबाईंनी त्याची सुटलेली कड पुन्हा दाबून बसवली.