प्रेशर वॉशिंगची गाडी: बंद बॉडी घ्यावी की उघडा हौदा?

सोसायट्यांचे पेव्हर ब्लॉक, गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि दुकानांचे दर्शनी भाग धुऊन द्यायचा धंदा करायचा ठरला, की पहिला मोठा खर्च गाडीचा. छोटा हत्ती की पिकअप हे लोक पटकन ठरवतात. अडतात ते त्यापुढे. मागे पत्र्याची बंद बॉडी बांधून घ्यायची, आत पंप, टाकी, पाइप लावून दाराला कुलूप घालायचं? की साधा उघडा हौदा ठेवून त्यावरच सगळं बसवायचं?

बहुतेक जण हा निर्णय पाऊस आणि चोरी या दोन भीतींवर घेतात. दोन्ही भीती खऱ्या आहेत, पण त्यांचा नंबर नंतर लागतो. आधी ठरवायचं ते पंप कशावर चालणार, पेट्रोल इंजिनावर की विजेच्या मोटरवर. त्यावरून बॉडीचा अर्धा निर्णय आपोआप होतो.

पंपाला किती ताकद लागते याचा हिशेब सोपा आहे. प्रेशर किलोमध्ये (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती किलो) घ्या, त्याला मिनिटाला पडणाऱ्या लिटरने गुणा आणि ६०० ने भागा. उत्तर किलोवॉटमध्ये येतं. पंपातलं नुकसान म्हणून वर पंधरा-वीस टक्के धरा. सिंगल फेजवर चालणारी ३ एचपीची मोटर म्हणजे २.२ किलोवॉट. त्यात १०० किलो प्रेशर आणि मिनिटाला ११ लिटर पाणी बसतं. गाड्या, फरशा, टाकीच्या आतल्या भिंती आणि यंदाच्याच पावसात धरलेलं हिरवं शेवाळ यासाठी एवढं पुरतं. तीन-चार पावसाळे अंगावर काढलेले काळे पेव्हर ब्लॉक मात्र त्यावर फार वेळ खातात. १३ एचपीचं पेट्रोल इंजिन २०० किलोवर मिनिटाला १८-२० लिटर देतं. मोठं कंपाउंड गोल सरफेस क्लीनर (फरशीवर फिरवायचं झाकण, आत गरगर फिरणारी नोझल) लावून एका दिवसात उरकायचं असेल, तर त्याला पर्याय नाही.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांकडे आणि वॉशिंग सेंटरवर दिसतो तो फवारणीचा एचटीपी पंप या तुलनेत धरू नका. तो साधारण ३०-४० किलोचा. पाणी भरपूर टाकतो, गाडीचा चिखल काढतो, पण सिमेंटमध्ये रुतलेलं शेवाळ त्याला दाद देत नाही.

आता बॉडीकडे येऊ. पेट्रोल इंजिन बंद बॉडीत चालवायचं नाही. या एका मुद्द्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं की उन्हाने होतंय. पाइप गुंडाळायला किंवा नोझल बदलायला आत गेलेला पोरगा आतच बसून राहतो. मागचं दार उघडं आहे म्हणजे हवा खेळते असंही नाही. एकाच बाजूने उघड्या असलेल्या खोक्यातून वारा आरपार जात नाही, धूर कोपऱ्यात साचतो. सायलेन्सरला पाइप जोडून धूर बाहेर काढून देतो, असं बॉडीबिल्डर सांगेल. त्या पाइपाचे जोड हादऱ्याने ढिले होतात, तापलेला पाइप पत्र्याला आणि प्लायला भिडतो. शिवाय ही इंजिनं हवेवर थंड होणारी. मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या आतली हवा आधीच भट्टीसारखी असते. तीच गरम हवा इंजिन पुन्हा पुन्हा ओढत राहिलं, तर ते फार काळ टिकत नाही.

पेट्रोलच्या कॅनचाही तोच प्रश्न. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर न जाता फरशीवर पसरते. बंद खोक्यात ती रात्रभर साचली आणि सकाळी कुणी आतल्या दिव्याचं बटण दाबलं, तर एक ठिणगी पुरते. बंद बॉडी घेतलीच तर तळाशी आणि छताजवळ, दोन्हीकडे जाळीच्या खिडक्या ठेवून घ्या आणि कॅन बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

विजेच्या मोटरला यातलं काहीच लागू नाही. ती बंद बॉडीत खुशाल बसवा, फक्त तिच्या पंख्यासमोर मोकळी जागा सोडा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३ एचपीची मोटर चालते. ५० मीटर लांब जायचं असेल तर ४ स्क्वेअर एमएमची थ्री-कोअर केबल घ्या. बारीक केबलवर व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घुमते आणि जळते. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) गाडीतल्या बोर्डावर स्वतःचा लावा. सोसायटीच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग आहेच, असं गृहीत धरून ओल्या फरशीवर उभं राहू नये. "मग आतच जनरेटर ठेवतो" हा विचार मात्र सोडून द्या. जनरेटर म्हणजे पुन्हा इंजिनच, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते म्हणून तो मोठा घ्यावा लागतो.

दुसरा मोठा मुद्दा वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पिंजऱ्यातली हजार लिटरची पांढरी टाकी छोट्या हत्तीवर चढवलेली दिसतेच. छोटा हत्ती मॉडेलनुसार पाऊण टनाच्या आसपास माल घेतो. त्यात इंजिन-पंप, पाइप गुंडाळायचं रीळ, पाइप आणि सोबतचे दोघे धरले तर टाकीसाठी उरतं किती? बंद बॉडी घेतली की अँगलचा सांगाडा, पत्रा, दारं, बिजागऱ्या यांचं वजनही त्याच पाऊण टनातून वजा होतं. उघड्या हौद्यावर जी ५०० लिटरची टाकी निभावते, ती बंद बॉडीत जड जाते. बॉडी बांधून झाली की टाकी रिकामी असताना वजनकाट्यावर जा, मग भरून जा, आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. पिकअप असेल तर हा ताण बराच कमी. बोलेरो पिकअपची १.३ आणि १.७ टनांची मॉडेल आहेत, तिथे बंद बॉडी आणि टाकी दोन्ही सुखाने राहतात.

खरं तर मोठी टाकी लागतच नाही. मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्या पंपाला ५०० लिटर जेमतेम अर्धा तास पुरतात, म्हणजे नुसत्या टाकीच्या भरवशावर दिवसाचं काम होत नाही. पण सोसायटीच्या नळाला मिनिटाला १० लिटर येत असतील तर टाकीतून फक्त ५ लिटरची तूट भरायची असते, आणि ३०० लिटरची टाकी तासभर चालते. टाकीत नळ सोडून ठेवायचा, पंप टाकीतून ओढतो. नळाला थेट पंप जोडू नका. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो आणि सील जातात. ट्रिगर सोडल्यावर अनलोडरमधून (पाणी परत वळवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परतणारं पाणीही पंपाच्या तोंडाशी न देता टाकीतच सोडा. तेवढंच पाणी पंपाच्या डोक्यात फिरत राहिलं तर थोड्याच वेळात हात लावता येत नाही इतकं तापतं, आणि बहुतेक पंपांचे सील ६० अंशांपलीकडे टिकत नाहीत.

टाकी कुठे बसवायची यात मात्र दोन्ही बॉडींत फरक नाही: खाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे, आडव्या अँगलने आणि पट्ट्यांनी जखडून. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण पाणी हिंदकळतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना अर्ध्या टाकीचा धक्का ब्रेकवर कळतो. बंद बॉडीची गाडी वरून जड असते, वळणावर हा हिसका जास्त जाणवतो. दिवसाचं काम संपलं की उरलेलं पाणी तिथल्याच झाडांना सोडून द्या, फक्त त्यात केमिकल मिसळलेलं नसावं.

केमिकलमध्ये उघडा हौदा स्पष्टपणे जिंकतो. शेवाळाला आणि टाकीला आपण सोडियम हायपोक्लोराइट वापरतो. झाकण घट्ट असलं तरी कॅन थोडा दम सोडतोच. बंद पत्र्यात तो दम पितळी फिटिंग, मोटरचे स्विच, रिळाचं बेअरिंग, सगळ्यावर बसतो. जीआय (जस्त चढवलेला) पत्राही त्याने पांढरा पडून मग गंजतो. त्याहून गंभीर म्हणजे फरशीसाठी लागणारं ॲसिड. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बॉडीत दोन्ही कॅन शेजारी ठेवले आणि खड्ड्यात गाडी आदळून दोन्ही कलंडले, तर दार उघडणाऱ्याच्या तोंडावरच तो वायू येतो. म्हणून बंद बॉडीवाल्यांनी केमिकलसाठी हौद्याखाली बाहेरून उघडणारी प्लास्टिकची किंवा फायबरची पेटी करून घ्यावी, आणि ॲसिड दुसऱ्या बाजूच्या वेगळ्या पेटीत ठेवावं. एकाच दिवशी दोन्ही नेऊ नयेत हे उत्तम.

पाऊस आणि चोरी यांत बंद बॉडी उजवी, यात वाद नाही. गाडी रात्री रस्त्यावर लागत असेल तर गन, नोझल आणि पितळी कपलर उघड्या हौद्यातून सकाळी गायब असतात. ताडपत्री पाऊस अडवते, हात अडवत नाही. उन्हाने पाइपाचं वरचं आवरण तडकतं तेही बंद बॉडीत वाचतं. आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर नाव-नंबर मोठ्या अक्षरात लिहिता येतो. सोसायटीत गाडी दिवसभर उभी असते, पुढचं काम बऱ्याचदा त्या पत्र्यावरूनच येतं.

उंची मात्र आधी मोजा. सोसायट्यांच्या कमानी आणि बेसमेंटच्या तोंडावरची दांडी केबिनपेक्षा उंच कंटेनरला अडवते. मग गाडी गेटबाहेर आणि पाइप आत. तीन सुती (३/८ इंची) पाइपात मिनिटाला १५ लिटर पाणी जात असेल तर ५० मीटरमागे ८-१० किलोच्या आसपास प्रेशर वाटेतच जातं. ते चालून जातं. पाव इंची पाइप लांब टाकला तर मात्र नोझलला फार कमी उरतं.

बंद बॉडी करायचीच तर फरशी प्लायची नको. आत रोज पाणी सांडणार, वर्षभरात प्लाय फुगतो. चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा), मागच्या बाजूला थोडा उतार आणि कोपऱ्यात निचऱ्याची भोकं असू द्या. उघड्या हौद्यात पाणी फाळक्याच्या फटीतून आपसूक जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मनाने करता येत नाही. उघड्या हौद्याची नोंद असलेल्या गाडीवर कायमचा कंटेनर ठोकला तर आरटीओकडून तशी नोंद करून घ्यावी लागते. कंपनीकडूनच कंटेनर बॉडीची गाडी घेतली तर हा व्याप वाचतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, बसवलेल्या मशीनसह.

तिसरा मार्गही आहे आणि पेट्रोलवाल्यांसाठी मला तोच सर्वांत पटतो. हौदा उघडाच ठेवायचा, पण केबिनच्या पाठीला लागून रुंदीभर, कमरेएवढ्या उंचीची कुलपाची पत्र्याची पेटी करायची. गन, नोझल, कपलर, केबल, सुटे पाइप त्यात. पेटीमागे टाकी. सर्वांत मागे, फाळक्याजवळ इंजिन-पंप, वर फक्त छपराएवढा पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. इंजिनाच्या पायांना वेल्ड केलेल्या पट्टीतून जाड साखळी ओवून चेसिसला कुलूप लावलं की रात्रीची काळजी बरीच मिटते, कारण साठ-सत्तर किलोंचा नग साखळीसकट उचलणं सोपं नाही.

कुणी बंद बॉडीच्या दाराशी सरकता ट्रे बनवून घेतात. दोन चॅनलमध्ये बेअरिंगची चाकं, काम करताना इंजिन पूर्ण बाहेर ओढायचं आणि खिळ मारायची. नीट बनवला तर चालतो. पण पूर्ण बाहेर म्हणजे धुराचं तोंडही दाराच्या पलीकडे, बाहेरच्या दिशेला हवं. आणि खिळ मारल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही असा साधा स्विच तिथे लावून घ्या, कारण घाईत असलेला माणूस ट्रे अर्धाच ओढतो.

तर मोटरवर काम करणार असाल, शहरात छोटी कामं घेणार असाल आणि गाडी रस्त्यावर लागत असेल, तर बंद बॉडी घ्या. कोकणातल्या माणसालाही मी तेच सांगेन: खारी हवा, चार महिन्यांचा धो-धो पाऊस, आणि जांभ्याच्या चिऱ्यावर तसंही जास्त प्रेशर मारायचं नसतं, म्हणजे मोठ्या इंजिनाची गरजच कमी. पेट्रोल इंजिन घेणार असाल आणि गाडी लावायला कंपाउंड असेल, तर उघडा हौदा आणि पेटी. पेट्रोल इंजिन आहे आणि कंपाउंड नाही, तर पेटी, साखळी आणि रात्रीपुरती जाळीची दारं. या तिसऱ्या परिस्थितीत लोक हमखास बंद बॉडीकडे वळतात, आणि नेमकं तिथेच इंजिन आत चालवायचा मोह होतो.

बॉडीबिल्डरकडे जाताना टाकी, पंप आणि रीळ आधी विकत घेऊन सोबत न्या. रिकाम्या हौद्यात खडूने त्यांच्या जागा आखा, मागे उभं राहून गन हातात घ्या, पाइप ओढून बघा, टाकीच्या झाकणापर्यंत हात पोहोचतो का ते पाहा. पंपाचं तेल बदलायला खालचा बोल्ट खोलता आला पाहिजे आणि त्याखाली डबा धरायला जागा हवी. हे सगळं जमलं की मगच ॲडव्हान्स द्या.