टक्क्याच्या जागी ‘ज्ञ’ : चार जीबीच्या लॅपटॉपवर फायरफॉक्सचे अकरा महिने

मार्च २०२५ मध्ये माझा लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातून चार दिवसांनी परत आला तो अगदी स्वच्छ होऊन आला, आणि त्या स्वच्छतेत माझे २१४ उघडे टॅब आणि ब्राउझरचा तीन महिन्यांचा इतिहास वाहून गेला. लॅपटॉप हळू चालतो, एवढीच माझी तक्रार होती. दुकानातल्या तरुणाने त्याची ‘सफाई’ केली, साडेचारशे रुपयांची पावती फाडली आणि वर सल्ला दिला, ‘‘बेन, हवे आने रजा आपो’’, म्हणजे ताई, आता याला रजा द्या. रॅम वाढवायची तर ३,२०० रुपये आणि नवा लॅपटॉप घ्यायचा तर ३८,००० रुपये, असा त्याचा हिशेब होता. टॅब कुठे गेले, असे मी विचारले, तेव्हा इतके टॅब उघडे ठेवतो कोण, असे त्याने मलाच विचारले. अर्धा तास वाद घालून मी शंभर रुपये परत मिळवले आणि या माणसाला यापुढे एक पैसाही द्यायचा नाही, असे ठरवून घरी आले. पुढचा सगळा अनुभव त्या रागातून घडलेला आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

मी बडोद्यात गुजराती दस्तऐवजांचे मराठी भाषांतर करते. येथील वडिलोपार्जित घरे आणि जमिनी ज्यांच्या वाट्याला आल्या आहेत, पण जे स्वतः पुण्या-मुंबईला वाढले आणि ज्यांना गुजराती वाचता येत नाही, अशी मंडळी माझे ग्राहक आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले आणि कामाचा मोठा संगणक त्यात गेला. तेव्हापासून २०१८ साली घेतलेला हा चार जीबीचा लॅपटॉपच माझे कार्यालय झाला आहे. कामाची रीत अशी की एका दस्तऐवजासाठी चार कोश, दोन सरकारी पाने, एखादा जुना नकाशा आणि ग्राहकाचे पत्र एकाच वेळी उघडे लागते. काम संपले तरी ‘पुन्हा लागेल’ या भीतीने त्यातले काहीच बंद होत नाही.

खर्च न करता बदलता येण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती म्हणजे ब्राउझर. पुण्याच्या भाच्याने दूरध्वनीवर पाच-सहा नावे सांगितली. पण शोध घेतल्यावर कळले की क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. ऑपेराने २०१३ साली स्वतःचे इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, सोडले आणि मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० मध्ये त्याच पंगतीत येऊन बसला. माझा जुना ब्राउझरही त्याच घराण्यातला होता, तेव्हा पुन्हा त्याच घरात खोली बदलून राहण्यात अर्थ वाटला नाही. विंडोजवर वेगळ्या इंजिनाचा नाव घेण्याजोगा पर्याय फायरफॉक्सच उरला, म्हणून तो घेतला. ‘स्वतंत्र’ म्हणून त्याचे जे कौतुक होते, त्याने मी फारशी हुरळून जात नाही, कारण तो चालवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातूनच येतो.

पहिला महिना मी अक्षरशः हवेत होते. लॅपटॉपचा पंखा शांत झाला, मराठी टंकताना अक्षरे मागे रेंगाळेनाशी झाली, आणि मी दांडिया बाजारातल्या दोन मैत्रिणींना व एका वकिलांना फायरफॉक्स घ्यायला लावले. मे महिन्यात मात्र लॅपटॉप पुन्हा पूर्वीसारखा रखडू लागला. तेव्हा भाच्याने शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबायला सांगितल्या. त्या दाबल्यावर टॅब आणि एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधने, किती मेमरी खात आहेत, याची यादी समोर येते. यादीच्या माथ्यावर खरेदीच्या सवलती शोधून देणारे एक एक्स्टेंशन साडेतीनशे एमबीच्या आसपास अडवून बसले होते. ते मी आठच दिवसांपूर्वी बसवले होते आणि तेच जुन्या ब्राउझरमध्येही होते! ते दोन्हीकडून काढून टाकले आणि तीच तीस पाने दोन्ही ब्राउझरांत उघडून पाहिली, तेव्हा जाणवण्याजोगा फरक जवळजवळ उरला नाही. तेव्हा पहिल्या महिन्यात मी फायरफॉक्सला दिलेले वेगाचे श्रेय येथे परत घेते. वकिलांना मी हे अजून सांगितलेले नाही.

टॅब इतकी मेमरी का खातात, हेही त्या निमित्ताने समजून घेतले. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांच्या रचनेतली स्पेक्टर नावाची खोट उघड झाली. एका संकेतस्थळाच्या कोडला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती चोरून वाचता येऊ नये, म्हणून ब्राउझर प्रत्येक स्थळाला वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू वेगळ्या कुलूपबंद खोलीत ठेवू लागले. क्रोमने हे त्याच वर्षी सर्रास सुरू केले, फायरफॉक्सने काही वर्षांनी. खोल्या वाढल्या की भिंतींनाही जागा लागते. बँकेचे पान आणि पाककृतीचे पान शेजारी-शेजारी सुरक्षित राहण्याची ही किंमत आहे आणि ती मला मान्य आहे. पण २१४ खोल्या बांधून ठेवून घर लहान आहे म्हणून ओरडणारी मीच होते, हे कबूल करावे लागेल.

एक खरा फरक मात्र राहतो, तो जाहिराती अडवण्याचा. क्रोमने एक्स्टेंशनांचे नियम बदलल्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन तेथे चालेनासे झाले व त्याची हलकी आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण रूपात चालते. जाहिरात उतरलीच नाही तर तिच्यासाठी मेमरीही लागत नाही. चार जीबीवाल्यांना एवढे सांगणे पुरे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, त्या टक्क्याच्या चिन्हाकडे वळते. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत % हे चिन्ह टाकून एक जागा सोडली, की त्यापुढे लिहिलेला शब्द फक्त उघड्या टॅबांमध्ये शोधला जातो. तसेच * टाकले तर बुकमार्कांत, म्हणजे जपून ठेवलेल्या पानांत, ^ टाकले तर इतिहासात आणि + टाकले तर बुकमार्कांना दिलेल्या टॅगांत, म्हणजे खुणेच्या शब्दांत, शोध होतो. कंट्रोल आणि एल दाबून पट्टीत जायचे, चिन्ह टाकायचे, शब्द लिहायचे आणि खाली आलेल्या यादीतले पान निवडून एंटर दाबायचा. चाळीस टॅबांच्या गर्दीतून हवे ते पान माऊसला हात न लावता समोर येते. एकच कोश चार वेळा उघडण्याची माझी खोड या एका सोयीने मोडली.

पण मी दिवसभर मराठी टंकते आणि तेही इनस्क्रिप्ट कळफलकावर, जो भारतीय लिप्यांसाठी सरकारने प्रमाणित केलेला आहे. त्या कळफलकावर शिफ्ट आणि ५ दाबले की % उमटत नाही, ‘ज्ञ’ उमटतो. * च्या जागी ‘श्र’ येतो, ^ च्या जागी ‘त्र’ येतो आणि + च्या जागी ‘ऋ’ येतो. एके रात्री एका दस्तऐवजात ‘वांटा’ हा शब्द आला. गुजरातेत गावाचा जो हिस्सा जुन्या गिरासदारांकडे, म्हणजे वंशपरंपरागत जमीनदारांकडे, राहिला, त्या जमिनीला हे नाव आहे. त्याचे भाषांतर नुसते ‘वाटा’ असे केले तर ग्राहक भावाशी भांडायला उठेल. त्याविषयीचे पान मी सकाळीच उघडले होते. पट्टीत जाऊन सवयीने चिन्ह टाकले, शब्द लिहिला, एंटर दाबला, आणि शोधयंत्राने ‘ज्ञ वांटा’ हे जगभर शोधून मालमत्तेच्या वाटण्यांविषयीची पाने माझ्यापुढे मांडली. मग कळफलक इंग्रजी करायचा, चिन्ह टाकायचे, पुन्हा मराठी करायचा आणि शब्द लिहायचा. दिवसातून साठ वेळा हे करून पाहिल्याशिवाय माझी चिडचिड कळणार नाही. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीसाठी कळफलक वेगळा लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती लावून पाहिली. पण मला दोन्ही लिप्या एकाच खिडकीत लागतात, त्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. दोष कोणाचा म्हणावा? चिन्हे निवडणाऱ्यांसमोर देवनागरी कळफलक नसणार आणि इनस्क्रिप्ट आखणाऱ्यांच्या काळी ब्राउझर नव्हते. फायरफॉक्स मराठी भाषेतही मिळतो, त्यामुळे ही ठेच जास्तच लागते.

दुसरी अडचण माझ्या धंद्याची आहे. पानांची शीर्षके गुजराती लिपीत असतात, म्हणून मराठीत ‘वांटा’ लिहिले तर कळफलक बरोबर असूनही ते पान सापडत नाही. यावर उपाय सापडला तो टॅगांचा. पान बुकमार्क करताना त्याला स्वल्पविराम देऊन हवे तितके टॅग लावता येतात. त्या पानाला मी ‘वांटा’, ‘जमीन’ आणि ‘गायकवाडी’ असे तीन लावले आहेत. टॅग पट्टीत चिन्हाशिवायही सापडतात, त्यामुळे ‘ज्ञ’चा प्रश्नच उरत नाही. लहानपणी वडिलांबरोबर मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जात असे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली होती. तेथील पुस्तकांच्या काचेच्या मजल्यांचे मला भारी कौतुक. वडील मात्र आधी सूचीच्या खणांकडे नेत आणि एकच पुस्तक लेखकाच्या, नावाच्या व विषयाच्या अशा तीन पत्त्यांवर कसे सापडते, ते दाखवत. टॅग लावताना मला त्या खणांचा आवाज आठवतो. क्रोमच्या बुकमार्कांत फोल्डर आहेत, टॅग नाहीत. आणि फोल्डरात वस्तू एकाच ठिकाणी राहते.

कोशांसाठीही एक युक्ती आहे. कोशाच्या शोधाचा पत्ता बुकमार्क करायचा, त्यातल्या शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून लहान इंग्रजी एस लिहायचा, आणि बुकमार्काला दोन अक्षरांचा खूणशब्द (कीवर्ड) द्यायचा. मग पत्त्याच्या पट्टीत खूणशब्द व हवा तो शब्द एवढेच लिहिले की मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश थेट त्या नोंदीवर उघडतो. शिकागो विद्यापीठाने तो कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही विनामूल्य ठेवले आहेत. यामुळे कोशांचे टॅब कायमचे उघडे ठेवण्याचे कारणच संपले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. फायरफॉक्सच्या १३६ व्या आवृत्तीत उभे, म्हणजे कडेला एकाखाली एक लागणारे, टॅब आले आणि लांब शीर्षके वाचता येऊ लागली. १३८ व्या आवृत्तीत टॅबांचे गट आले, ते मी दोन आठवडे कौतुकाने रंगवले आणि सोडून दिले. जून २०२५ च्या १४० व्या आवृत्तीत टॅबवर उजवी कळ दाबून तो मेमरीतून उतरवता येऊ लागला. ही सोय मला सर्वांत उपयोगी ठरली, कारण पान यादीत राहते पण जागा अडवत नाही. एका कार्यालयाचा अर्ज फायरफॉक्समध्ये शेवटच्या पायरीवर तीन वेळा अडकला, तेव्हापासून तसल्या कामांसाठी विंडोजबरोबर आलेला एज ठेवला आहे. दर महिन्याच्या १ तारखेला मी सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवते, कारण दुकानांची ‘सफाई’ मी पाहिलेली आहे.

दिवाळीत भाचा घरी आला होता. ‘ज्ञ’ची कहाणी ऐकून तो म्हणाला, ‘‘आत्या, क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाब, उघड्या टॅबांची शोधपट्टीच येते. चिन्हबिन्ह काही लागत नाही.’’ करून पाहिले. मराठी कळफलक चालू असताना ती पट्टी मुकाट्याने उघडली आणि मराठी शब्दही तिने मुकाट्याने घेतला. सात महिने ज्या गोष्टीवरून मी चिडत होते, ती ज्याला सोडून आले त्याच घराण्यात व्यवस्थित होती. त्या संध्याकाळी मी परत जाण्याचा गंभीरपणे विचार केला. पण तोवर माझ्याकडे सहाशेहून अधिक टॅग लावलेले बुकमार्क जमले होते आणि ते तेथे नेले असते तर टॅग हाती आले नसते. उघडी पाने शोधण्यात क्रोम पुढे आहे, हे मी मान्य करते. मात्र आता माझी उघडी पाने वीसच्या आत असतात आणि शोधायचे असते ते बंद केलेल्यांत.

मागच्या महिन्यात चार्जरची पिन तुटली म्हणून नाइलाजाने त्याच दुकानात जावे लागले. त्या तरुणाने लॅपटॉप चालू केला, भराभर चार पाने उघडून पाहिली आणि रॅम कुठून टाकून घेतली, असे विचारले. टाकली नाही, असे मी सांगितले, तर त्याचा विश्वास बसला नाही. पिनेचे त्याने दीडशे रुपये मागितले, मी एकशे वीस दिले. ५ च्या कळीवर % आणि ‘ज्ञ’ अशी दोन्ही अक्षरे लिहिलेली कागदाची चिकटपट्टी मी लावली होती. ती मात्र त्याने पुसता पुसता काढून टाकली.