थरच्या वाळवंटात पाणी शोधताना: उपग्रह नकाशा की विद्युत सर्वेक्षण?

जैसलमेरकडच्या गावांत बोअर घ्यायचे आहेत, आधी पैसे कशावर घालू, असं एका मैत्रिणीनं विचारलं.

खर्चात नकाशा सरस. इस्रोचे १:५०,००० प्रमाणाचे भूजल नकाशे तयारच आहेत. खडक, भेगा त्यात कळतात. पण वाळूखालचं पाणी गोडं की खारं, हे उपग्रह सांगत नाही आणि थरचं खरं दुखणं तेच आहे. विद्युत सर्वेक्षणात जमिनीत चार इलेक्ट्रोड ठोकून प्रवाह सोडतात. खाऱ्या पाण्याच्या थरात रोधकता (म्हणजे जमीन विजेला करते तो विरोध) झपकन उतरते. चिकणमातीतही उतरते, म्हणून जवळच्या बोअरची नोंद सोबत हवीच. मेहनत मात्र जागोजागी.

अख्खा तालुका चाळायचा असेल तर नकाशा घ्या. जैसलमेरकडच्या लाठी वालुकाश्मासारखा (पाणी धरणारा वाळूचा खडक) पट्टा हाती लागला, किंवा एकच बोअर घ्यायचा असेल, तर सर्वेक्षणावरच खर्च करा.