सायकलीपायी १८,४९९ रुपये गेले

आठ दिवस झाले, अजून डोकं शांत होत नाही. घरी निम्मीच रक्कम सांगितली आहे.

मला खडकवासल्यापर्यंत डांबरी रस्त्यावर पळेल आणि रविवारी वेताळ टेकडीच्या मातीच्या वाटांवरही चालेल अशी सायकल हवी होती. दोन महिने अभ्यास केला. रोडबाईकचे २५ मिमीचे टायर टेकडीवर नकोत, स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे नुसतं ओझं. म्हणून ७००सी (रोडबाईकच्या मापाची) चाकं, ३८-४० मिमीचे टायर, डिस्क ब्रेक, पुढचं चाक धरणारा फोर्क साधा, बिनसस्पेन्शनचा. नवी परवडत नव्हती. जुन्या सायकलींच्या जाहिरातीत हवी तशीच दिसली: तुळशीवृंदावनाला टेकवलेली, काळी, २२,००० रुपये. विकणारा म्हणे फौजी, बदली झालेला. पुढचं तुम्हाला माहीतच असेल. टोकन २,०००, गेटपास आणि ट्रान्सपोर्टचे ३,५००, मग "टोकन अडकलंय, परत करतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणत पिन टाकायला लावून १२,९९९. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मलाही माहीत होतं हो! पण तो फोनवर श्वास घेऊ देत नव्हता.

खरी चीड वेगळीच आहे. टोकन द्यायच्या आधी मी विचारलं होतं, टायर कितीचे? "२६ इंच, सर." फोटोत धडधडीत ७००सी! एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) २६ इंची टायरची रिम ५५९ मिमीची, ७००सीची ६२२, हे मला पाठ आहे. तरी मनाशी म्हटलं, चुकून बोलला असेल. तिथेच फोन ठेवायला हवा होता.

चालवून पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. फ्रेम नंबरचा फोटो मागा, बहुतेक सायकलींना तो पेडलच्या क्रँकखाली कोरलेला असतो.

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं. "हे सायबरचं." सायबरवाले म्हणाले, "रक्कम किरकोळ, हद्दीतल्या ठाण्यात जा." परत गेलो तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत." बँकेतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला, म्हणून चोर सुटला का? त्याचा मोबाईल नंबर, पैसे गेले ते खातं, सगळ्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट नेल्या होत्या. एकानेही कागद उलटून पाहिला नाही. आम्ही कर भरतो तो बाकावर बसायला?

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी लाजेपायी रात्रभर थांबलो, तोवर त्या चोराचं खातं रिकामं झालं होतं.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, किंमत १९,०००. तेच तुळशीवृंदावन.