जुन्या गाड्यांचा नाद आणि घर: गावातला वाडा घ्यावा की तालुक्याचा प्लॉट?

अँबेसिडर साधारण चौदा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. प्रीमियर पद्मिनी तेरा फुटांच्या आसपास, रुंदीला पाच फुटांहूनही कमी. कागदावर पाहिलं तर १२ बाय २० च्या शेडमध्ये दोन्हींपैकी कुठलीही आरामात बसते. पण हा हिशेब चालू गाडीचा झाला. चालू गाडी मागेपुढे करून कुठूनही आत घेता येते. बंद गाडी चार जण ढकलतात, एक जण स्टिअरिंग धरतो, आणि तिला आत शिरायला समोरून सरळ वाट लागते. नाद असलेल्या माणसाच्या दारात चालू गाडी एक आणि इंजिन उतरवलेल्या दोन असं प्रमाण असतं. घर त्या दोघींसाठी बघायचं असतं.

त्यात आणखी एक धरा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि तुम्ही २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी केली, तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे रोजच्या गाडीची जागा वेगळी. तीन गाड्या म्हणणाऱ्यानं चार गाड्यांची जागा बघावी, आणि दार उघडून शेजारी बसून काम करायचं तर दर गाडीला दहा-बारा फूट रुंदी धरावी.

विदर्भात खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी असं घर शोधणाऱ्यापुढे चार वाटा असतात: गावठाणातला जुना वाडा, तालुक्याच्या कडेला लेआउटमधला प्लॉट, शेतातलं घर, आणि बंद पडलेली जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) किंवा गोदाम. खरी टक्कर पहिल्या दोहोंत आहे.

दार आणि गल्ली

वाडा बघताच जीव जातो. मोठं दार, त्यात दिंडी म्हणजे माणसापुरतं छोटं दार, आत अंगण, ओसरी, मागं कोठा म्हणजे गुरांचा गोठा आणि त्याच्याही मागं सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा. एवढी जागा लेआउटमध्ये घ्यायची म्हटली तर तीन प्लॉट लागतील. ‘बंडी आत जाते, मग गाडी का नाही जाणार?’ असं घर दाखवणारा म्हणतोच. बंडीची चाकं उंच असतात, ती दगडी उंबरठा चढून जाते. जीपही जाईल. अँबेसिडरचा सायलेन्सर मात्र उंबऱ्यावर घासतो, आणि बंद गाडी उंबऱ्यावरून ढकलणं म्हणजे पाच माणसांचं काम दहा माणसांवर जातं. टेप लावायचा तो चौकटीच्या आतून आतून, कारण लाकडी चौकट, बिजागऱ्या आणि पूर्ण न उघडणारं दार मिळून अर्धा-पाऊण फूट सहज खातात. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत वाचवायला रोवलेले दगड असतील तर टेप त्यांच्यामध्येही धरा.

दारापेक्षाही गल्ली बघा. आठ फुटांची गल्ली, एका कडेनं उघडी नाली, कोपऱ्यावर विजेचा खांब. तिथं टोचन केलेली, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढत आणलेली गाडी काटकोनात वळत नाही. म्हणून वाडा समोरून बघून पसंत करू नये, मागून बघावा. सांदवाडीचं फाटक गावाबाहेरच्या रस्त्यावर उघडत असेल आणि ट्रॅक्टर तिथवर येत असेल, तर त्या वाड्याचं समोरचं दार दिंडीएवढं असलं तरी चालेल. मागचा रस्ता पांदण असेल तर तो पावसाळ्यात कसा होतो ते शेजाऱ्याला विचारा. काळ्या मातीच्या पांदणीवर जुलैत ट्रॅक्टर फसतो, तिथं तुमची पद्मिनी कुठं!

प्लॉटचं गणित उलटं. रस्ता रुंद, फाटक हवं तेवढं करता येतं, पण आत जागा नाही. ३० बाय ५० म्हणजे दीड हजार फूट. त्यात घर बांधलं, नियमाप्रमाणे बाजूला जागा सोडली, की गाड्या एकीमागं एक लागतात. आणि एकीमागं एक लावल्या की वाट अडवणारी गाडी नेमकी बंद निघते, हा अनुभव ज्याला नाही तो या नादात नवा आहे. बाजूच्या मोकळ्या जागेवर टिनं टाकून घेऊ म्हणाल तर ते मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम होतं. प्लॉट घ्यायचाच असेल तर कोपऱ्याचा घ्या. दोन रस्ते, दोन फाटकं, एक गाडी न हलवता दुसरी बाहेर. कोपऱ्याला भाव जास्त लागतो आणि इथं तो द्यावा असं माझं मत आहे. घर एक खोली कमी बांधा.

खालची माती

काळ्या मातीबद्दल शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातून येणारा माणूस हेच विसरतो. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर उभं राहा. भेगांत मनगटापर्यंत हात गेला तर समजा की त्या जमिनीवर ओतलेला चार इंची कोबा दोन पावसाळ्यांत नकाशासारखा फाटणार. माणसांच्या घरात फरशी थोडी उचलली तरी राहता येतं. गाडी जॅकवर चढवून तुम्ही खाली पाठीवर झोपणार असाल तर फाटलेला कोबा जिवाशी खेळ आहे. स्टँडचा एक पाय भेगेच्या कडेवर आला, तुकडा खचला, की गाडी कलते.

त्यावरचा उपाय गावातला कुठलाही जुना मिस्त्री सांगेल. शेडच्या जागेची काळी माती दोन-तीन फूट उकरून काढायची, मुरूम थराथरानं भरून पाणी मारून दाबायचा, वर बोल्डर, त्यावर जाळी टाकून सहा इंची काँक्रीट. खर्चाचा आकडा हादरवणारा असतो, म्हणून तो प्लॉटच्या किमतीत आधीच मिळवा. दोन खांबांची लिफ्ट बसवायचं स्वप्न असेल तर ही जमीन त्याची पहिली अट आहे, आणि वर बारा फुटांची मोकळी उंची ही दुसरी.

खड्ड्याचा मोह टाळा. जुन्या गॅरेजसारखा खाली उतरून काम करायचा खड्डा काळ्या मातीत पावसाळ्यात विहीर होतो, आणि फुगलेली माती त्याच्या विटांच्या भिंती आत ढकलते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यातच साचून राहते. लोखंडी रॅम्प बरे.

या बाबतीत वाडा पुढं आहे. गावठाण बहुधा उंचवट्यावर असतं, पांढरीवर म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवर, आणि शंभर वर्षं माणसाच्या आणि बैलाच्या पायाखाली दबलेली ती जमीन सहसा हलत नाही. फक्त कोठ्याची जागा तशीच वापरू नका. पिढ्यान्‌पिढ्या गोमूत्र मुरलेल्या मातीला खार सुटतो आणि तो लोखंड खातो. तिथली माती फूटभर काढून मुरूम भरा.

पाण्याचंही तेच. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव हा भाग, तिथं बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं गाडी धुतली की सांध्यांत गंज, रेडिएटरमध्ये घातलं की रेडिएटर गेला. तिथं घर घेताना नळयोजनेचं पाणी येतं का आणि किती दिवसांआड येतं हे विचारलंच पाहिजे. बाकी पश्चिम विदर्भाची कोरडी हवा पत्र्याला मानवते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस जास्त आणि धानाच्या बांध्यांची ओल घरापर्यंत येते. तिकडे बंद गाडी टायरवर जमिनीला चिकटून ठेवू नये.

ऊन, वीज आणि कापूस

मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये अकरानंतर पाना हातात धरवत नाही. कवेलूच्या छपराखाली आणि दोन फुटी मातीच्या भिंतीआड काम दिवसभर चालतं. हा वाड्याचा मोठा गुण. पण त्याच छपराची वळचण सात-आठ फुटांवर येते, म्हणजे इंजिन उचलायची चेन-पुली टांगायला जागा नाही, आणि जुन्या सागवानाला उधई लागलेली नाही हे ठोकून बघितल्याशिवाय त्या तुळईला इंजिन लटकवणं वेडेपणा आहे. टिनाचं शेड उंच घ्या, दोन्ही टोकांना जाळी ठेवा आणि मे महिना वाचन-खरेदीला राखून ठेवा. रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तेही सोयाबीनचं थ्रेशर बंद झाल्यावर. नाहीतर ओल्या रंगावर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, बसतं.

विजेत तालुका पुढं. गावात तुमचं घर डीपीपासून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, तारेच्या शेवटच्या टोकाला असेल, तर संध्याकाळी वेल्डिंगचा रॉड पेटत नाही आणि पेटला तर शेजारचा पंखा मंदावतो. मग शेजारी बोलतात, आणि त्यांचं बरोबर असतं. जोडभार वाढवून घ्यायचा अर्ज आधी करा.

वाड्याचा खरा धोका मात्र भिंतीपलीकडे आहे. दिवाळीनंतर गावातलं अर्धं घर कापसानं भरलेलं असतं. भाव येईपर्यंत लोक ओसरीत, खोलीत कापूस साठवतात. मागं पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, आणि कुटाराचे ढीग. ग्राइंडरची एक ठिणगी भिंतीवरून गेली तर नुकसान तुमच्या गाडीचं होणार नाही, कुणाच्या तरी वर्षाचं होईल. वाडा घेणाऱ्यानं वेल्डिंग आणि ग्राइंडिंग घरी करूच नये, ते तालुक्याच्या ट्रॉली बनवणाऱ्याकडे न्यावं, असं मी सरळ सांगतो. धान्य आणि कापूस म्हटलं की उंदीरही आले. वायरिंग नवं घातलं असेल तर बॉनेट उघडं ठेवा, उबदार बंद जागा त्यांना आवडते.

कारागिरांचं म्हणाल तर तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरमुळे सगळं मिळतं: लेथ, रेडिएटरवाला, डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणारा, ट्रॉलीचे वेल्डर. जुन्या महिंद्रा जीपचं डिझेल इंजिन त्यांना परकं नाही. पद्मिनीच्या कार्बुरेटरसाठी मात्र नागपूर किंवा त्याच्याही पलीकडे जावं लागतं, मग तुम्ही कुठंही राहा.

कागद

वाड्याचा मालक नमुना ८ दाखवतो. तो ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचं काम सुरू झालं. त्या गावाचं काम झालं असेल तर पत्रिका बघा. नाव आजोबांचंच आहे आणि वारस पुण्यात, नागपुरात, सुरतेत पसरलेत, असं चित्र नेहमीचं. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय इसार देऊ नका. ‘लहान भाऊ आपलाच हाय जी, तो काय बोलत नाही’ हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवा.

लेआउटमध्ये अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा हे तीन कागद. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचं प्रमाणपत्र. इथं वाड्यापेक्षा डोकेदुखी कमी आणि बँकेचं कर्जही सोपं.

शेतातलं घर ही सगळ्यांची आवडती कल्पना. जागा अमाप, आवाजाची तक्रार नाही. पण विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (अटींवर दिलेली जमीन) असेल तर विकणाऱ्यालाही परवानगी लागते. कृषी फीडरची वीज पाळीपाळीनं येते, आणि शेतीपंपाच्या मीटरवर वेल्डिंग चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, त्याची आकारणी अंगाशी येते. वर बॅटऱ्या आणि तांब्याची तार चोरीला जायची भीती. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तिथं राहत असेल आणि जमीन आधीपासून तुमच्या नावावर असेल तरच या वाटेला जा.

बंद जिनिंगचं शेड बघाल तर पाय निघत नाही. छपराच्या उंच कैच्या, ट्रक फिरेल एवढं आवार, तीन फेजची वीज एके काळी आलेली, खाली ठणठणीत जमीन. खामगाव, अकोट, हिंगणघाट, वणी अशा कापसाच्या गावांत अशी आवारं अजून दिसतात. विकत घेण्याची गोष्ट करू नका, ती बहुधा भागीदारीच्या किंवा बँकेच्या भांडणात असतात. त्यातला एक कोपरा भाड्यानं मिळतो.

आज तुमच्या जागी मी असतो तर गावात आपला गोतावळा असल्यास मागून रस्ता असलेला वाडा घेतला असता, नसल्यास तालुक्यात कोपऱ्याचा प्लॉट. आणि दोन्ही बाबतीत बॉडीच्या कामापुरता सहा-आठ महिने जिनिंगचा कोपरा भाड्यानं. करार अकरा महिन्यांचा, नोंदवलेला, वीजबिलाचा वेगळा उल्लेख असलेला, आणि त्यात एक ओळ न विसरता: हंगामात त्या आवारात कुणाचा कापूस उतरणार नाही.