पोशन बनवणारं पात्र: आर्टिफिसर की पाथफाइंडरचा अल्केमिस्ट?

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांत पोशन (जादूचं औषध) बनवणारं पात्र घ्यायचं म्हटलं की निवड बहुतेक वेळा दोघांत होते. एक डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला आर्टिफिसर (त्यातली अल्केमिस्ट ही उपशाखा, म्हणजे सबक्लास), दुसरा पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतला अल्केमिस्ट. इथे आर्टिफिसर २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मधला धरला आहे आणि पाथफाइंडर २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे.

मोहिमांमधल्या सुटीत नुसती जखमा भरणारी हीलिंग पोशन्स बनवून ठेवायची असतील, तर खरं म्हणजे दोन्हींची गरज नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये हर्बलिझम किट (वनौषधींची साधनं) वापरता येणारं कोणतंही पात्र ते करतं. साध्या पोशनला एक दिवस आणि २५ सोन्याची नाणी लागतात, बाजारभावाच्या निम्मी. त्यावरच्या ग्रेटर पोशनला कामाचे पाच दिवस आणि १०० नाणी. हिशेब इथेच संपतो. पाथफाइंडरमध्ये हेच काम बरंच किचकट पडतं. मायनर एलिक्झर ऑफ लाइफ या जखमा भरणाऱ्या औषधाची किंमत ३ नाणी, एका खेपेत चार कुप्या, म्हणजे १२ नाण्यांचा माल. निम्मे पैसे आधी, फॉर्म्युला (लिहिलेली कृती) असेल तर एक दिवस काम, मग क्राफ्टिंग कौशल्याची चाचणी, जिच्यात फासा धरून १५ गाठायचे. उरलेल्या ६ नाण्यांसाठी कष्ट करायचे म्हटलं, तर पहिल्या लेव्हलला दिवसाला चांदीची दोनच नाणी वजा होतात (चांदीची दहा म्हणजे सोन्याचं एक). सगळी रक्कम फिटायला तीस दिवस. त्यामुळे जवळजवळ सगळेच उरलेले पैसे भरून मोकळे होतात. शिवाय जादूची पोशन्स बनवायला मॅजिकल क्राफ्टिंग हे वेगळं फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) लागतं. नुसता अल्केमिस्ट असून भागत नाही.

ऐन मोहिमेत मात्र चित्र पालटतं. आर्टिफिसरला तिसऱ्या लेव्हलपासून रोज सकाळी एक एक्सपेरिमेंटल एलिक्झर फुकट मिळतं, पण कोणतं ते सहा बाजूंचा फासा ठरवतो. एक पडला तर जखमा भरणारं, पाच पडला तर दहा फूट वेगाने उडवणारं, सहा पडला तर रूप बदलणारं. मला अडलं ते इथेच. ज्या पात्राची सगळी ओळखच औषधं जाणणारा अशी, त्याला आज आपल्या कुपीत काय उतरणार हे सकाळपर्यंत ठाऊक नसतं. गुहेत उतरायचं त्या दिवशी हातात रूप बदलणारं एलिक्झर येतं, आणि ते दुसऱ्या दिवसासाठी राखूनही ठेवता येत नाही, कारण पुढच्या लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) शेवटी ते निकामी होतं. सहाव्या लेव्हलला दोन आणि पंधराव्याला तीन मिळतात, पण फासा प्रत्येक वेळी आहेच.

मनासारखं एलिक्झर हवं तर एक स्पेल स्लॉट, म्हणजे दिवसभरातल्या जादूच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्चायचा. तिसऱ्या लेव्हलला असे स्लॉट तीनच. शिवाय एका पाळीत मुख्य कृती एकच. बनवायला एक अ‍ॅक्शन आणि प्यायला किंवा पाजायला दुसरी, म्हणजे लढाई चालू असताना बेशुद्ध सोबत्यापर्यंत ते पोचायला दोन पाळ्या जातात. त्याच स्लॉटमध्ये हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा स्पेल साठ फुटांवरून, तेही पाळीतल्या जास्तीच्या छोट्या बोनस अ‍ॅक्शनने होतो, आणि हा स्पेल सबक्लासच देतो. शहाणा खेळाडू साहजिकच स्पेल टाकतो आणि कुप्या पिशवीत राहतात. एक अपवाद मात्र मानायलाच हवा: बोल्डनेसचं एलिक्झर. हल्ल्याला आणि सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचण्याच्या फाशाला) एक मिनिट डी४ची, म्हणजे चार बाजूंच्या फाशाची भर, आणि कॉन्सन्ट्रेशनची (जादू टिकवायला लक्ष गुंतवण्याची) गरज नाही. मोठ्या लढाईच्या दाराशी उभे असाल, तर त्यावर स्लॉट जरूर खर्चा.

पाथफाइंडरचा अल्केमिस्ट तिसऱ्या लेव्हलला, इंटेलिजन्स +४ धरून, सकाळी आठ वस्तू बनवतो आणि वर सहा व्हर्सटाइल व्हायल्स (ऐनवेळी हवी ती वस्तू बनवायच्या कुप्या) बाळगतो. कोणत्या वस्तू, हे त्याचं फॉर्म्युला बुक ठरवतं, फासा नाही. व्हायल्स संपल्या तरी मोहिमेत दर दहा मिनिटांनी दोन परत मिळतात. सोबती कोसळला की क्विक अल्केमीने एलिक्झर बनवायला एक अ‍ॅक्शन, जवळ जायला दुसरी, पाजायला तिसरी. इथे पाळीला तीन कृती मिळतात, म्हणून तिन्ही एकाच पाळीत. अट एवढीच की एक हात रिकामा हवा. एका हातात ढाल, दुसऱ्यात शस्त्र अशी सवय असेल, तर गणित तिथेच फसतं. तेव्हा पात्र बनवतानाच एक हात मोकळा ठेवा.

उणिवा याच्याही आहेत. पाचव्या लेव्हलपर्यंत एलिक्झर ऑफ लाइफ फक्त १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इतके हिट पॉइंट, म्हणजे जीवनशक्तीचे गुण, भरून काढतं, सरासरी साडेतीन. आर्टिफिसरचं २डी४+३ सरासरी आठ देतं. पाचव्याला मात्र ते एकदम ३डी६+६ वर जातं. म्युटाजेनही (शरीर तात्पुरतं बदलणारी औषधं) दोन्ही बाजूंनी कापतात: त्यातलं क्विकसिल्व्हर घेतलं की लेव्हलच्या दुप्पट हिट पॉइंट जातात आणि फोर्टिट्यूडला (विष वगैरे सोसण्याच्या ताकदीला) दोनची घट बसते, म्हणून विषारी शत्रूसमोर ते कुणाला पाजू नये. आणि कागदी काम खूप आहे. दर लेव्हलला नवे फॉर्म्युले येतात, वाचायची आवड नसलेल्याला ते ओझं वाटेल.

खर्चाचं म्हणाल तर पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे मोफत आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियमही मोफत मिळतात, पण आर्टिफिसर त्यात नाही. त्यासाठी पुस्तक लागतंच.

तुमचा गट आधीच डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत असेल, तर केवळ एका पात्रापायी सगळ्यांना नवे नियम शिकायला लावणं कदाचित बरं नाही. अशा वेळी आर्टिफिसर घ्या, पण सुरुवातीलाच डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) दोन गोष्टी विचारा: सकाळचं एलिक्झर फासा न टाकता निवडता येईल का, आणि ते बोनस अ‍ॅक्शनने पिता येईल का. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांत साधी पोशन्स तशी पिता येतात, त्यामुळे दुसरी मागणी सहसा मान्य होते.

गट नवा असेल, तर माझा कल पाथफाइंडरकडे. सुरुवातीला सकाळच्या आठांत तीन एलिक्झर ऑफ लाइफ, तीन बॉम्ब, एक अँटिडोट आणि एक अंधारात दिसण्यासाठीचं डार्कव्हिजन एलिक्झर ठेवून पाहा. तिन्ही एलिक्झर ऑफ लाइफ लढाईआधीच सोबत्यांना वाटून टाका, म्हणजे पाजायला तुम्हाला धावावं लागणार नाही. व्हायल्स मात्र एकही आधी वापरू नका.